भीतीला पत्ता हवा

कॅन्सर म्हटला की सीटी स्कॅन, एमआरआय, रक्ताच्या तपासण्या असा सगळा पसारा डोळ्यांपुढे येतो. तोंडाच्या कॅन्सरचं तसं नाही. तो पाहायला आरसा आणि टॉर्च पुरतात. ओठ उलटा करा, गाल बोटाने बाजूला ओढा, जीभ वर उचला. बहुतेक वेळा जे काही आहे ते समोर दिसतं. कित्येकदा कॅन्सर होण्याच्या काही वर्षं आधीपासून तोंडात पांढरा किंवा लाल चट्टा असतो. कारणंही गूढ नाहीत: तंबाखू, सुपारी, दारू. पहिल्या टप्प्यात सापडला तर बहुतेक रुग्ण शस्त्रक्रियेने बरे होतात.

असं असूनही २०२२ साली भारतात ओठ आणि तोंडाच्या कॅन्सरचे सुमारे १ लाख ४३ हजार नवे रुग्ण झाले आणि जवळपास ८० हजार माणसं दगावली. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेचे हे आकडे आहेत. जगातल्या अशा रुग्णांपैकी तिसऱ्या हिश्श्याहून जास्त एकट्या भारतात आहेत आणि भारतीय पुरुषांमध्ये सर्वांत जास्त आढळणारा कॅन्सर हाच आहे. निम्म्याहून अधिक रुग्ण मोठ्या रुग्णालयाच्या दारात पोचतात तेव्हा आजार तिसऱ्या किंवा चौथ्या टप्प्यात गेलेला असतो.

डोळ्यांना दिसणारा, कारण ठाऊक असलेला, वेळेत गाठला तर बरा होणारा आजार लोक इतके दिवस अंगावर काढत असतील, तर सांगण्यात कुठेतरी मोठी खोट आहे. तंबाखू वाईट हे आता कोणाला सांगावं लागत नाही. पुडीवरच कॅन्सरचा फोटो असतो. १ एप्रिल २०१६ पासून तो पाकिटाचा ८५ टक्के भाग व्यापतो. व्हॉट्सॲपवर रोज कोणी ना कोणी तंबाखूविरोधी मेसेज ढकलत असतं. माहिती पोचते, माणूस मात्र दवाखान्यात पोचत नाही. या दोन्हींमधलं अंतर कसं कापायचं, हे या प्रकरणात पाहू.

दात किडण्याच्या भाषणातून मिळालेला धडा

१९५३ साली अमेरिकेतल्या कनेक्टिकट राज्यातल्या एका शाळेत अर्व्हिंग जॅनिस आणि सिमोर फेशबाख या मानसशास्त्रज्ञांनी एक प्रयोग केला. विषय होता दातांची निगा. मुलांचे गट पाडले आणि प्रत्येक गटाला चित्रांसह पंधरा मिनिटांचं भाषण ऐकवलं. सल्ला सगळीकडे तोच होता, फक्त भीतीची मात्रा वेगळी होती. एका गटाला सडलेल्या हिरड्या, पू, दात उपटण्याच्या वेदना, अगदी कॅन्सरचीसुद्धा धास्ती घातली. दुसऱ्या गटाला मध्यम भीती दाखवली आणि तिसऱ्याला जवळजवळ काहीच नाही. आठवड्याने पाहिलं तेव्हा सल्ल्याप्रमाणे वागण्यातली निव्वळ सुधारणा सौम्य भाषणाच्या गटात ३६ टक्के, मध्यम गटात २२ टक्के आणि सर्वांत घाबरवलेल्या गटात फक्त ८ टक्के होती. सगळ्यात जास्त धास्तावलेली मुलं सगळ्यात कमी बदलली होती.

मग भीती दाखवूच नये का? या प्रश्नावर पुढे बरीच वर्षं वाद झाला. १९६५ साली येल विद्यापीठात हॉवर्ड लेव्हेंथल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विद्यार्थ्यांना धनुर्वाताची माहितीपुस्तिका दिली. काहींच्या पुस्तिकेत भीतिदायक फोटो आणि वर्णनं होती, काहींच्या पुस्तिकेत सौम्य मजकूर. दोन्हींत सांगणं एकच: लस घ्या. त्यातल्या काही जणांना याखेरीज आणखी एक गोष्ट दिली. विद्यापीठाचा नकाशा, त्यावर दवाखान्याभोवती गोल, लस मिळण्याच्या वेळा आणि आपल्या वेळापत्रकात कधी जाता येईल ते ठरवून ठेवण्याची सूचना. खरं तर विद्यार्थ्यांना दवाखाना कुठे आहे हे आधीपासून माहीत होतं. तरीही ज्यांना नकाशा आणि वेळ मिळाली त्यांच्यातल्या सुमारे २८ टक्के जणांनी लस घेतली. नुसतं ‘लस घ्या’ ऐकलेल्यांपैकी जेमतेम ३ टक्क्यांनी. भीती जास्त होती की कमी, याने फारसा फरक पडला नाही.

१९९२ मध्ये किम विट यांनी हे सगळं एका सूत्रात बसवलं. धोक्याची सूचना ऐकताना माणूस मनातल्या मनात दोन प्रश्न विचारतो: हे माझ्या अंगावर येणार आहे का, आणि आलं तर माझ्या हातात काही आहे का? दोन्हींचं उत्तर ‘हो’ आलं की तो धोक्याचा बंदोबस्त करायला लागतो. पहिल्याचं ‘हो’ आणि दुसऱ्याचं ‘नाही’ आलं की तो भीतीचाच बंदोबस्त करतो. म्हणजे मोबाइलवर बोट पुढे सरकवतो, विषय बदलतो, चेष्टा करतो, नाही तर आजोबांचा दाखला देतो: नव्वदीपर्यंत तंबाखू मळत होते, काही झालं नाही. २०१५ साली अशा अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा निघाला. भीतीचा उपयोग होतो, पण सोबत करता येण्याजोगी कृती सांगितली तर तो जास्त होतो, असा त्याचा निष्कर्ष होता.

थोडक्यात, भीतीला पत्ता हवा. घाबरलेल्या माणसाला जायला जागा दाखवली तर तो जातो. नाही तर मनाची कवाडं लावून घेतो.

मोबाइल येण्याआधी

हे आपल्याकडे कोणाला सुचलं नव्हतं असं नाही. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतला डॉ. फली मेहता यांचा दंतसंशोधन गट साठच्या दशकापासून खेड्यांत घरोघरी जाऊन तोंडं तपासत होता. महाराष्ट्रातल्या १ लाख १ हजार ७६१ गावकऱ्यांची त्यांनी केलेली पाहणी १९७२ मध्ये प्रसिद्ध झाली. पुढे डॉ. प्रकाश गुप्ता आणि सहकाऱ्यांनी केरळमधला एर्नाकुलम, आंध्रातला श्रीकाकुलम आणि गुजरातमधला भावनगर या जिल्ह्यांत तंबाखूची सवय असलेल्या ३६ हजार लोकांबरोबर काम केलं. फिल्म, पोस्टर, रेडिओ, वर्तमानपत्रं हे सगळं वापरलं; पण त्याच्या जोडीला दंतवैद्य दरवर्षी प्रत्येकाला भेटत, तोंड तपासत आणि त्याच्याच तोंडात काय दिसतंय ते दाखवून तंबाखू सोडण्याबद्दल बोलत. पाच वर्षांनी एर्नाकुलममध्ये तंबाखू सोडणाऱ्यांचं आणि कमी करणाऱ्यांचं प्रमाण वाढलेलं होतं आणि तोंडात नव्याने पांढरे चट्टे येण्याचं प्रमाण घटलेलं होतं. १९८६ साली ‘लॅन्सेट’मध्ये हे निष्कर्ष आले.

दुसरा मोठा पुरावा तिरुवनंतपुरम जिल्ह्यातला. १९९६ मध्ये तिथल्या १३ पंचायतींत चाचणी सुरू झाली. काही पंचायतींत प्रशिक्षित आरोग्य कार्यकर्ते ठरावीक वर्षांनी घरी येऊन तोंड तपासत, बाकीच्यांत नेहमीची व्यवस्था चालू राहिली. हे कार्यकर्ते डॉक्टर नव्हते. २००५ मध्ये निकाल आला: तंबाखू किंवा दारूची सवय असलेल्यांमध्ये तोंडाच्या कॅन्सरने होणारे मृत्यू तपासणीच्या गटात ३४ टक्क्यांनी कमी होते. नुसत्या डोळ्यांनी केलेल्या तपासणीने जीव वाचतात, हे त्यातून दिसलं.

याच चाचणीतली एक गोष्ट फारशी कोणी सांगत नाही. कार्यकर्त्याने समोर बसून ‘तुमच्या तोंडात संशयास्पद काही दिसतंय, डॉक्टरांना दाखवा’ असं ज्यांना सांगितलं, त्यांच्यापैकी तीनातले साधारण दोघेच डॉक्टरांकडे गेले. तोंडावर सांगूनही तिसरा गेला नाही. मग अनोळखी नंबरवरून आलेल्या मेसेजकडून किती आशा ठेवायची?

सिनेमागृहातला प्रयोग सगळ्यांना आठवत असेल. २ ऑक्टोबर २०१२ पासून तंबाखूचं दृश्य असलेल्या चित्रपटांना आरोग्याच्या फिल्म दाखवणं बंधनकारक झालं. १ सप्टेंबर २०२३ पासून ओटीटीवरही. भुसावळचा मुकेश हराणे त्यातूनच घराघरांत पोचला. गुटख्याने तोंडाचा कॅन्सर झालेला, चोविसाव्या वर्षी गेलेला हा तरुण रुग्णालयातून स्वतःच्या आवाजात बोलतो. खरं नाव, खरा चेहरा, आपल्याच भागातला पोरगा; म्हणून ती फिल्म लोकांच्या लक्षात राहिली. पण इंटरनेटवर तिच्यावर विनोद आणि मीमही पोत्याने झाले. प्रेक्षक निर्दय होते म्हणून हे झालं, असं मला वाटत नाही. चित्रपट सुरू व्हायच्या आधी, अंधारात, हातात पॉपकॉर्न घेऊन बसलेल्या माणसाला मृत्यू दाखवला. त्या क्षणी त्याने करायचं काय, हे उरलंच. मग भीती हसण्यावारी नेणं तेवढं हातात राहतं. पुडीवर २०१८ पासून तंबाखू सोडण्यासाठीच्या मोफत हेल्पलाइनचा क्रमांक छापला जाऊ लागला, तो म्हणूनच फोटोइतका महत्त्वाचा आहे.

बाजार कोणाचा?

मोबाइलवर आपण एकटे बोलत नसतो. वेलची, पानमसाला आणि माउथ फ्रेशनरच्या जाहिरातींत चित्रपटतारे झळकतात. महाराष्ट्राने जुलै २०१२ मध्ये गुटख्यावर बंदी घातली, तर पानमसाला आणि तंबाखू वेगवेगळ्या पुड्यांत येऊ लागले. गिऱ्हाईक दोन्ही फाडून तळहातावर एकत्र करतं. त्या जाहिरातींत रसायनांची यादी नसते. चव असते, ऐट असते, आणि पुडी कोपऱ्यावरच्या टपरीत मिळते हे न सांगता कळतं.

दुसरा प्रतिस्पर्धी म्हणजे खोटी माहिती. अमेरिकेत युटा विद्यापीठातल्या स्कायलर जॉन्सन आणि सहकाऱ्यांनी स्तन, प्रोस्टेट, मोठं आतडं आणि फुप्फुस या चार कॅन्सरांविषयी समाजमाध्यमांवर सर्वाधिक गाजलेले २०० लेख तज्ज्ञांकडून तपासून घेतले. जवळपास एक तृतीयांश लेखांत चुकीची माहिती होती, आणि ३० टक्क्यांहून अधिक लेख थेट अपाय होईल असे होते. खऱ्या लेखांपेक्षा खोट्यांनाच जास्त प्रतिसाद मिळाला होता. तोंडाचा कॅन्सर त्या अभ्यासात नव्हता. पण गरम पाण्यात लिंबू, खायचा सोडा, हळदीचा लेप असे आपल्याकडचे ‘रामबाण’ पाहिले की तिथली तऱ्हा आणि इथली तऱ्हा एकच वाटते. याच संशोधकाच्या २०१८ मधल्या एका अभ्यासात, प्रचलित उपचार सोडून केवळ पर्यायी उपचार घेणाऱ्या कॅन्सर रुग्णांना मृत्यूचा धोका अडीच पट असल्याचं दिसलं होतं.

या घरगुती इलाजांचं यश कशात आहे, हे नीट पाहण्यासारखं आहे. त्यांत भीती असते आणि लगेच हातात कृतीही असते: उद्या सकाळी, अनशापोटी, एक चमचा. वेळ ठरलेली, जिन्नस घरातला, खर्च नाही, कोणासमोर तोंड उघडायची लाज नाही. कृती चुकीची असली तरी ती सांगण्याची पद्धत अचूक आहे. आपल्या ‘जनहितार्थ’ मेसेजमध्ये नेमकं तेच नसतं.

एक मेसेज उघडून पाहू

खालचा नमुना कोणा एकाचा नाही. असे अनेक वाचून तो बेतला आहे.

‘सावधान! तंबाखू म्हणजे मृत्यू!! तंबाखूमध्ये ७००० हून अधिक घातक रसायने असून तिच्या सेवनाने ओरल स्क्वॅमस सेल कार्सिनोमा, ल्युकोप्लाकिया व ओरल सबम्युकस फायब्रोसिस यांसारखे जीवघेणे आजार उद्भवतात. व्यसन सोडा, आयुष्य जोडा! वेळीच तपासणी करून घ्या. हा संदेश जास्तीत जास्त लोकांपर्यंत पोहोचवा.’

यातली चूक शोधायला पहिल्या ओळीपासून सुरुवात करू. ज्याने वाचायला हवं तो तंबाखू खाणारा आहे, आणि त्याला दारातच ‘तू मरणार’ म्हणून सांगितलं आहे. तो पुढे वाचणार नाही. सात हजारांचा आकडा सिगारेटच्या धुराचा आहे; चघळायच्या तंबाखूला तो चिकटवून दिला आहे. चघळायच्या तंबाखूत कॅन्सरकारक ठरलेली २८ द्रव्यं सापडली आहेत आणि तेवढी पुरेशी आहेत, आकडा फुगवायची गरज नाही. तीन आजारांची नावं वाचणाऱ्याच्या डोक्यावरून जातात. शिवाय त्यातली दोन मुळात कॅन्सर नव्हेत, कॅन्सरआधीच्या अवस्था आहेत. तिथेच माणूस गाठायचा असतो. त्यांनाही ‘जीवघेणे’ म्हटल्यावर वाचणारा म्हणेल, आता उशीरच झाला. ‘वेळीच’ म्हणजे कधी? ‘तपासणी’ म्हणजे काय, कुठे, किती पैसे? काही कळत नाही. एकच कृती स्पष्ट आहे: हा मेसेज पुढे पाठवा. लोक तेवढं इमानेइतबारे करतात.

तीच गोष्ट अशी सांगता येते:

‘तोंडातली जखम किंवा पांढरा-लाल चट्टा पंधरा दिवसांत गेला नाही, तर दाखवून घ्या. दुखत नसला तरी दाखवा.
कुठे: ग्रामीण रुग्णालय, दंत विभाग, तळमजला.
कधी: सोमवार ते शनिवार, सकाळी ९ ते १२.
काय करतील: डॉक्टर टॉर्च लावून तोंड पाहतील. पाच मिनिटांचं काम. सुई नाही, चिरा नाही.
तंबाखू, खर्रा, मावा, मिश्री चालू असेल तरी या. कोणी रागावणार नाही.
सोडायची असेल तर फोन: १८००-११-२३५६. पैसे पडत नाहीत.’

खाली पाठवणाऱ्या डॉक्टरचं किंवा आरोग्य केंद्राचं नाव आणि पूर्ण तारीख. ठिकाण आणि वेळ ज्याने त्याने आपल्या गावची घालायची.

यातली प्रत्येक ओळ मनातल्या एका अडचणीला उत्तर देते. पंधरा दिवस का? तोंड येतं तेव्हा साधारण आठ-पंधरा दिवसांत ते आपोआप भरतं. त्यापुढे टिकलेली जखम कॅन्सरच असते असं नाही. टोकदार दात किंवा सैल कवळीसुद्धा घासत असेल. पण ते ठरवणं डॉक्टरचं काम. ‘दुखत नसला तरी’ हे शब्द सगळ्यांत महत्त्वाचे. सुरुवातीचा कॅन्सर आणि त्याआधीचे चट्टे बहुधा दुखत नाहीत, आणि आपल्याकडे दुखत नाही म्हणजे काही नाही, असा हिशेब असतो. ‘कोणी रागावणार नाही’ ही ओळ तर दवाखान्यातल्या लोकांना आधी वाचायला द्यावी, कारण बोलणी खावी लागतील या धाकाने घरी बसणारे थोडे नाहीत.

मेसेजमध्ये जे मावत नाही ते व्हिडिओत दाखवता येतं. आरशासमोर उभी राहिलेली एक बाई किंवा माणूस, हात धुतलेले, खिडकीचा उजेड. आधी दोन्ही ओठ आतून. मग एकेक गाल बाजूला ओढून आतली बाजू. त्यानंतर खालच्या हिरडीची आणि गालाची खाच. चिमूट जिथे धरून ठेवायची सवय असते, तिथे जरा थांबून पाहायचं. जिभेच्या दोन्ही कडा, जिभेखाली, टाळू. मग तर्जनी, मधलं बोट आणि अनामिका एकावर एक उभी धरून पुढच्या दातांमध्ये घालायची. तीन बोटं सहज मावायला हवीत. तोंड उघडणं कमी होत चाललं असेल, तिखट सोसेनासं झालं असेल, तर गालाखालचे तंतू घट्ट होऊ लागल्याची शंका येते. सुपारी, मावा, खर्रा, गुटखा यांचं हे नेहमीचं देणं. शेवटी मानेवर गाठ लागते का ते चाचपायचं. एवढं एका मिनिटात बसतं. आवाज बंद ठेवून पाहणारे पुष्कळ असतात, म्हणून मोठ्या अक्षरांत ओळी हव्यात. आणि वाचता न येणारेही असतात, म्हणून आवाजही हवा.

फोटो कोणता घालायचा यावर मात्र बहुतेकांचा पाय घसरतो. गाल फाटून बाहेर आलेली गाठ, नळ्या, चिंध्या झालेला जबडा. अशा फोटोंवर समाजमाध्यमं बऱ्याचदा स्वतःच पडदा टाकतात, हा एक भाग. त्याहून मोठा तोटा असा की, गालात बोटाच्या पेराएवढा पांढरा चट्टा असलेला माणूस तो फोटो पाहतो आणि सुटकेचा श्वास टाकतो: माझं तर असं काही नाही. कॅन्सरचा शेवट दाखवून आपण त्याला सुरुवातीबद्दल निर्धास्त करतो. दाखवायचा तो चट्टा, आणि शेजारी निरोगी गाल. रुग्णाची लेखी संमती घेऊन, चेहरा न दाखवता.

कोणाला, कोणाच्या तोंडून

२०१६-१७ च्या राष्ट्रीय तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रातले २४.४ टक्के प्रौढ धूरविरहित तंबाखू वापरत होते, तर विडी-सिगारेट ओढणारे फक्त ३.८ टक्के. तरीही आपल्या पोस्टरांवर जळती सिगारेट असते. ती पाहून मळलेली तंबाखू खाणारा खुशाल पुढे जातो. त्याच सर्वेक्षणात कोणत्या ना कोणत्या रूपात तंबाखू घेणाऱ्या स्त्रियांचं प्रमाण १७ टक्के होतं. मिश्री लावणारी बाई स्वतःला व्यसनी समजत नाही. ती सकाळी दात घासते, तल्लफ आली की दुपारी पुन्हा घासते. ‘तंबाखू सोडा’ हा मेसेज तिच्या लेखी नवऱ्यासाठी असतो. तिच्यासाठी तव्यावर भाजलेल्या मिश्रीचं नाव घेऊनच बोलायला हवं, आणि तेही बचत गटाच्या ग्रुपवर, आशाताईंच्या आवाजात. विदर्भात बोलायचं तर खर्ऱ्याचं नाव घेतल्यावाचून चालत नाही. गडचिरोलीत २०१६ पासून चाललेल्या ‘मुक्तिपथ’ उपक्रमाने खर्रा हा थेट शत्रू म्हणून समोर ठेवला, ते यासाठीच.

सुपारीचा मामला आणखी नाजूक आहे. पूजेत मान तिचा, जेवणानंतर पाहुण्यापुढे तबकात ती, आणि मुलांच्या हातात गोड सुपारीची पुडी. पण तंबाखू नसलेली सुपारीसुद्धा माणसात कॅन्सर घडवते, असा निष्कर्ष आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००३ सालीच काढला आहे. जगभरातले तोंडाच्या कॅन्सरचे जवळपास ३१ टक्के रुग्ण धूरविरहित तंबाखू आणि सुपारी यांच्यामुळे झाले असावेत, असा अंदाज २०२४ मध्ये आला. त्यांपैकी सुमारे ८३ हजार भारतातले. इथे सूर सांभाळावा लागतो. पूजेतल्या सुपारीशी भांडण काढलं की ऐकणारा दार लावतो. ‘देवापुढे ठेवा, तोंडात ठेवू नका’ एवढं म्हटलं तरी काम होतं.

बोलणारा कोण, याने अर्धं काम होतं. शरद पवारांवर २००४ मध्ये तोंडाच्या कॅन्सरची शस्त्रक्रिया झाली. आपल्या सवयीबद्दल ते जाहीरपणे बोलत आले आहेत आणि त्यानंतर दोन दशकं राजकारणात वावरले आहेत. उपचारानंतर जगणं चालू राहतं, हे अशा माणसाकडे पाहून लगेच पटतं. गावागावांत असे बरे झालेले रुग्ण असतात. मृत्यूच्या दहा पोस्टींपेक्षा, ऑपरेशन होऊन आता पुन्हा शेतात जाणाऱ्या माणसाचा एक व्हिडिओ ‘आपल्या हातात काही आहे का’ या प्रश्नाचं उत्तर चांगलं देतो.

आणि पोस्ट टाकली की काम संपत नाही. खाली प्रश्न येतात, तिथेच खरी लढाई असते. सगळ्यांत जास्त विचारला जाणारा: ‘तुकडा काढला की कॅन्सर पसरतो ना?’ उत्तर वाद न घालता, खऱ्या गोष्टीपासून सुरू करावं. तुकडा काढून तपासल्याशिवाय कॅन्सर आहे की नाही ते नक्की कळत नाही. जागा बधिर करून छोटा तुकडा घेतात. त्याने कॅन्सर पसरत नाही. अनेक जण आजार खूप वाढल्यावर तपासायला येतात आणि नंतर दगावतात, म्हणून लोक दोष तपासणीला देतात. तुकडा लवकर तपासला तर ऑपरेशन लहान होतं. दुसरा प्रश्न पैशांचा: महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरच्या उपचारांचा समावेश आहे, कोणती कागदपत्रं न्यायची हे तिथेच लिहावं. आणि तिशीच्या पुढच्यांसाठी सरकारी कार्यक्रमात तोंडाच्या तपासणीची सोय आहेच. आशाताईंना विचारा, हेही.

पाठवण्याआधी

व्हॉट्सॲपने २०१८ मध्ये भारतात एक मेसेज एका वेळी पाचच ठिकाणी पाठवण्याची मर्यादा घातली आणि २०२० मध्ये फार फिरलेल्या मेसेजसाठी ती एकावर आणली. तरी जुने मेसेज मरत नाहीत. दोन वर्षांपूर्वीच्या मोफत शिबिराचं आमंत्रण आजही कुठल्या तरी ग्रुपवर फिरत असतं, कारण त्यावर ‘येत्या रविवारी’ असं लिहिलेलं असतं. म्हणून तारीख लिहिताना साल लिहायचंच. लाइक किती आले याचा हिशेब ठेवण्यापेक्षा दवाखान्यातल्या नोंदवहीत एक रकाना वाढवावा: कशामुळे आलात? महिन्याभरात त्या रकान्यात ‘मोबाइलवर पाहिलं’ असं किती वेळा लिहिलं गेलं, हीच पोस्टची खरी परीक्षा.

आणि सगळ्याच्या आधी एक फोन. मेसेजमध्ये लिहिलेल्या वेळी त्या दवाखान्यात तोंड तपासणारं कोणी असतं का, टॉर्च आणि आरसा आहे का, शंका आली तर पुढे कुठे पाठवणार हे ठरलंय का, याची खात्री करून घ्यावी. धीर करून आलेला माणूस ‘आज डॉक्टर नाहीत’ ऐकून परत गेला, तर पुढचे शंभर मेसेज त्याला हलवू शकत नाहीत. वर तो आणखी चार जणांना जाऊ नका म्हणून सांगतो. दवाखान्याची वेळ आधी पक्की करा, मेसेज त्यानंतर लिहा.